पोहोच मागता, मग वाचत का नाही?

विक्रेता संरक्षण विभाग,

आपलं सातवं उत्तर मिळालं. मजकूर पहिल्या सहांसारखाच: ‘पोहोचल्याचा पुरावा मुदतीत न मिळाल्याने प्रकरण बंद करण्यात आले आहे.’ खाली कोणाचंच नाव नाही, त्यामुळे आभार कोणाचे मानायचे हेही कळत नाही.

माझ्या सासऱ्यांनी साडेचार महिने मागावर बसून विणलेली पैठणी आपल्यामार्फत विकली जाऊन टपालाने येवल्याहून लेस्टरला गेली. किंमत ९२,००० रुपये. तेविसाव्या दिवशी खरेदीदार बाईंनी ‘मिळाली नाही’ एवढं कळवलं आणि त्याच संध्याकाळी आपण माझ्या खात्यातून ९२,००० रुपये वळते केलेत. आपलं १२ टक्के कमिशन, म्हणजे ११,०४० रुपये, ते मात्र आपल्याकडेच सुखरूप आहे. टपालाचे २,३८० माझ्या पदरचे. त्या बाईंच्या शब्दाला पुरावा लागला नाही. मी पाठवलेले नऊ कागद अपुरे पडले.

टपालाच्या पावतीवर पूर्ण पत्ता नाही, असं आपण म्हणालात. त्या पावतीवर तो छापलाच जात नाही. तो असतो जकातीच्या फॉर्मवर आणि पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्टवर. तेही पाठवले, तर म्हणे हे कागद विक्रेत्यानेच भरलेले! बरं, वजन तरी मी केलेलं नाही. काउंटरवरच्या काट्याने १ किलो १८० ग्रॅम दाखवलं. खोक्यात वीट होती, असं म्हणायचंय का?

पार्सलचा क्रमांक १३ अक्षरांचा: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. ही जागतिक टपाल संघाची पद्धत, आणि तो संघ १८७४ सालचा. जगभरच्या टपालाला हा क्रमांक वाचता येतो. आपल्या यंत्रणेला येत नाही. तिला फक्त आपल्याशी करार असलेल्या कुरिअरचे क्रमांक कळतात. त्या कुरिअरचा दर टपालाच्या अडीच पट आहे, हा अर्थातच योगायोग असणार.

पुराव्यासाठी आपण दिलेत सात दिवस. परदेशी टपालाची चौकशी सहा महिन्यांपर्यंत मागता येते, कारण ती दोन देशांतून फिरून येते. माझ्या चौकशीचं उत्तर सत्तेचाळिसाव्या दिवशी आलं: पार्सल त्याच पत्त्यावर पोहोचलं, घेणाऱ्याची सही आहे. त्याच दुपारी ते आपल्याला पाठवलं. आपण ते उघडलंत तरी का? ‘प्रकरण बंद’ हे उत्तर चार मिनिटांत आलं.

म्हणजे साडी लेस्टरला, पैसेही लेस्टरला, कमिशन आपल्याकडे. याला संरक्षण म्हणतात!

प्रकरण पुन्हा उघडा, सही पाहा आणि ९२,००० रुपये परत करा. टपालाची चौकशी चालू असेतो विक्रेत्याच्या पैशाला हात लावू नका. मूळ पावती थर्मल कागदाची आहे, तिच्यावरचे आकडे आता उडू लागलेत. झेरॉक्स सोबत जोडली आहे. आठव्यांदा.

– येवल्याची एक विक्रेती