रंगाला दोष देण्याआधी

पट्ट्याचा रंग गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्याला लागतो, माल परत येतो आणि आपण रंगवाल्याला बोल लावतो. आमच्या मते अनेकदा दोष रंगाचा नसतो, आपल्या घाईचा असतो.

स्पिरिटचा रंग झटपट सुकतो. पण कातड्यात न मुरलेली त्याची भुकटी वरच राहते. ती न काढता फिनिश मारला, तर रंग सुटतच राहतो. म्हणून रंगवलेला माल एक रात्र ठेवावा, कोरडे पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसावा आणि मगच फिनिशचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला, तर तो घडीवर तडकतो. रंग ठिपकेदार बसला, तर कातड्याला आधी तेल किंवा सोल्यूशन लागले होते का, हे पाहावे. पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते, ती दमट हवेमुळे. अशा दिवशी स्प्रे बंद ठेवावा.

धारावीच्या गाळ्यात जागा अपुरी आणि ऑर्डर तातडीची असते, तिथे एक रात्रही जड जाते, हे आम्ही जाणतो. पण परत आलेल्या मालात कातडे, मजुरी आणि गिऱ्हाईक तिन्ही जातात. तेव्हा व्यापारी बांधवांनी मुदत देतानाच ही रात्र धरावी. कारागिरांनीही प्रत्येक लॉटमधला एक नग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. फडक्यावर रंग उतरला, तर माल गाळ्यातच थांबवावा. गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर परीक्षा घेऊ नये.