वेग हवा, पण खुल्या रस्त्यावरचा

पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणन संस्थेतला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२०च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३वा आला, तेव्हा कौतुक झालं ते त्यातल्या चिपचं. त्या चिपना एकत्र बांधणारं इन्फिनिबँडचं जाळं मात्र दुर्लक्षितच राहिलं. खरं तर अशा यंत्राचं यश या जाळ्यावरच ठरतं. शेकडो चिप एकच गणित वाटून घेतात. एकीचं उत्तर रखडलं की बाकीच्या ताटकळतात.

इन्फिनिबँडने हा उशीर आरडीएमएच्या बळावर कमी केला. या पद्धतीत एका सर्व्हरचं नेटवर्क कार्ड दुसऱ्याच्या मेमरीत थेट लिहितं, ऑपरेटिंग सिस्टीमला मध्ये न घेता. पण बहुतेक सॉफ्टवेअर चालतं आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या मूळ नियमावलीवर. म्हणून २००६मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने आरएफसी ४३९१ हा दस्तऐवज काढून इन्फिनिबँडवरून आयपी नेण्याची रीत ठरवून दिली. नेहमीच्या इथरनेट जाळ्यातला पत्ता ६ बाइटचा, इन्फिनिबँडवरचा २० बाइटचा. त्यामुळे पत्ते शोधणारा एआरपीही त्या मापाने बसवावा लागला. जुने प्रोग्रॅम न बदलता चालू लागले, पण प्रत्येक पॅकेट पुन्हा ऑपरेटिंग सिस्टीममधून जाऊ लागलं आणि वेग घटला.

त्यावरून आयपी म्हणजे वेगाच्या पायातली बेडी, असं मानणारे अनेक आहेत. मला हे साफ अमान्य आहे, आणि इतिहासही माझ्या बाजूने आहे. २०१०मध्ये आरडीएमए इथरनेटवर आणणारं ‘रॉकी’ आलं. त्यात आयपी नव्हता, म्हणून त्याला राउटर ओलांडता येईना. २०१४च्या दुसऱ्या आवृत्तीने तोच मजकूर आयपी आणि त्यावर चालणाऱ्या यूडीपीच्या वेष्टनात घातला. वेष्टन कार्डच चढवतं, त्यामुळे वेग टिकला आणि पल्ला वाढला. म्हणजे उशीर होत होता तो सॉफ्टवेअरच्या वाटेत. आयपीच्या हेडरवर त्याचं खापर फोडणं चूक होतं.

रॉकीचीही अडचण आहे. एकही पॅकेट हरवू नये म्हणून गर्दी होताच मागच्या स्विचला थांबायला सांगितलं जातं, आणि ती कोंडी निरपराध वाहतुकीपर्यंत पसरते. जून २०२५मध्ये आलेलं अल्ट्रा इथरनेटचं पहिलं मानक पॅकेटं अनेक वाटांनी पाठवतं, हरवलेलं तेवढंच पुन्हा मागवतं, आणि हे सारं आयपीवरूनच.

हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. इन्फिनिबँडचं मानक अनेक कंपन्यांनी मिळून केलेलं. पण २०२०मध्ये चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने इन्फिनिबँडची उपकरणं बनवणारी मेलानॉक्स सुमारे ७ अब्ज डॉलरना घेतल्यावर त्याच्या उपकरणांचा बाजार बहुतांशी एकाच कंपनीकडे गेला. आपलं सरकारी इंडिया एआय मिशन १०,३७२ कोटी रुपयांचं आहे, म्हणून हा प्रश्न आपल्याही खिशाचा आहे. सीडॅकने ‘त्रिनेत्र’ हे स्वतःचं जाळं घडवून आपली क्षमता दाखवली आहे. आता जनतेच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या निविदेत एक अट हवी: जाळं आयपीवर चालणाऱ्या खुल्या मानकाचं असावं आणि दुसऱ्या कंपनीचा स्विच त्यात बसावा. ही अट आज घातली नाही, तर पुढच्या प्रत्येक खरेदीचा भाव विकणारा ठरवेल.