प्रयोगासाठी शेतकरीच सापडतो काय?

आजचा राज्यकारभार फायलींतून कमी आणि संगणकातील स्वयंचलित साखळ्यांतून अधिक चालतो. अर्ज दाखल होताच पडताळणी, पडताळणी संपताच मंजुरी, मंजुरी मिळताच देयकाचा आदेश आणि आदेश निघताच लाभार्थ्याच्या मोबाईलवर संदेश, अशी ही साखळी एकदा सुरू झाली की थांबून विचार करणारा कारकून मध्ये उरत नाही. पीकविमा, शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान, कर्जमाफी ही परभणीच्या नऊ तालुक्यांतील असंख्य कुटुंबांच्या हक्काची येणी याच मार्गाने त्यांच्यापर्यंत पोहोचतात. अशा वेळी एखादा निकष बदलला म्हणून साखळीची प्रत न काढता, त्या प्रतीवर फेरफार करून न पाहता, थेट चालत्या साखळीतच जो कोणी हात घालतो आणि चूक उघड झाली की ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून मोकळा होतो, त्याच्या कृत्याला तांत्रिक अडचण हे सौम्य नाव देण्यास आम्ही तयार नाही. तो अन्याय आहे.

२०१७ सालचा धडा महाराष्ट्र विसरला असेल, तर त्याचे स्मरण करून देणे हे वृत्तपत्राचे कर्तव्यच ठरते. त्या वर्षी २४ जून रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. चौतीस हजार कोटींहून अधिक रकमेची आणि ८९ लाख शेतकऱ्यांची ग्वाही देण्यात आली. ऐन खरिपात खुरपणी-फवारणी टाकून शेतकरी ऑनलाइन अर्जासाठी सेवा केंद्रांच्या दारात आणि अंगठ्याच्या यंत्रापुढे ताटकळला. दिवाळीच्या तोंडावर १८ ऑक्टोबरला समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटण्यात आली. आणि त्यानंतर याद्यांतील चुका, बँकांच्या माहितीतील विसंगती, अनेक खात्यांपुढे लागलेला एकच आधार क्रमांक असा सारा गोंधळ चव्हाट्यावर आला. जी तपासणी समारंभाच्या आधी बंद खोलीत व्हायची, ती समारंभानंतर शेतकऱ्याच्या खात्यावर झाली. प्रमाणपत्र घरात आले, दिवाळी सरली, रक्कम आली नाही.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत सर्व विद्याशाखांना एकाच हंगामात सरसकट लागू केली. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकालाअभावी विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. कुलगुरू गेले, विद्यार्थ्यांचे गेलेले महिने परत आले नाहीत.

मग सावधपणे काम करता येतच नव्हते काय? येत होते, आणि त्याचा दाखला परभणीच्या वेशीवरच आहे. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली, तेव्हा तीत केवळ ६८ गावांतील १५,३५८ नावे होती. बँकेकडून आलेली माहिती, प्रत्येक खात्याचा विशिष्ट क्रमांक, आधार प्रमाणीकरण, तक्रारीची वाट आणि खात्यात पडणारी रक्कम, हा सगळा मार्ग आधी त्या मोजक्या गावांत चालून पाहण्यात आला आणि मगच पुढची मोठी यादी निघाली. त्या गावांत आपले पिंगळी होते. त्या योजनेतही पुढे पात्र शेतकरी रखडले, हे आम्ही विसरलेलो नाही; परंतु आधी थोड्यांवर पडताळून मग सर्वांना लागू करणे शासनाला अशक्य नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. अशक्य नसलेले कर्तव्य टाळणे म्हणजे कसूर.

प्रत काढली म्हणजे कर्तव्य संपले, असेही कोणी समजू नये. प्रत जन्मतः बंद असली पाहिजे. अन्यथा मूळ साखळी आणि तिची प्रत एकाच अर्जावर धावतात आणि एकाच माणसाला दोन संदेश, दोन आदेश, प्रसंगी दोनदा रक्कम जाते. प्रतीला वेगळे नाव, तारीख आणि जबाबदार अधिकारी हवा. प्रतीत मूळ साखळीचे जुने धागे तसेच उतरतात; ती खऱ्या बँकेशी, खऱ्या संदेशसेवेशी, इतरांच्या वापरातील उपसाखळ्यांशी जोडलेली राहते, म्हणून ते धागे एकेक तोडून चाचणीच्या जागी बांधावे लागतात. चाचणीसाठी खऱ्या शेतकऱ्यांचे आधार क्रमांक न वापरता बनावट नोंदी वापराव्या लागतात. आणि नवी साखळी सुरू करण्याच्या क्षणी जुनी बंद करून, पण पुसून न टाकता, परतीची वाट राखावी लागते. यातील एकही पायरी अवघड नाही. प्रत्येक पायरी टाळली जाते ती केवळ घाईपोटी.

या घाईची किंमत धनाढ्यांनाही चुकलेली नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने शेअरखरेदीच्या स्वयंचलित यंत्रणेत बदल केला. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा राहिला, तेथे पडून असलेला जुना प्रोग्राम जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर बुडाले. त्या संस्थेला सावरायला गुंतवणूकदार धावले. जिंतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हप्ता चुकला, तर कोण धावणार?

ज्या शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ उभे आहे, जेथे ‘परभणी मोती’ ज्वारी असो वा सोयाबीनचा ‘एमएयूएस-७१’, कोणतेही वाण प्रक्षेत्रावर आणि ठिकठिकाणच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे पारखल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती दिले जात नाही, त्या शहरातील कार्यालयांनी न पारखलेली साखळी त्याच शेतकऱ्याच्या खात्यावर सोडावी, यासारखी विटंबना नाही. बियाण्याला जी कसोटी लावता, ती आदेशाला का नाही?

आमची मागणी स्पष्ट आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि त्यांच्यासाठी राबणारे संगणक कंत्राटदार यांनी लेखी नियम करावा: प्रतीशिवाय बदल नाही, चाचणीशिवाय अंमल नाही, स्वाक्षरीशिवाय जबाबदारी संपत नाही. आणि वाचकहो, खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर मिळाले तर हात हलवत परतू नका. बदल कोणी केला, कोणत्या प्रतीवर तपासला, कोणाच्या आदेशाने लागू केला, हे लेखी विचारा. २००५ चा माहितीचा अधिकार तुमचा आहे. तो वापरा.