केंदाळाचा गॅस करा, पण केंदाळ पिकवू नका

मंडळी, पंचगंगेवर केंदाळाची हिरवी चादर पसरली की आमच्या कोल्हापुरात एक सूचना हमखास ऐकू येते : "एवढं केंदाळ फुकट मिळतंय, त्याचा गॅस करा की!" (केंदाळ म्हणजे जलपर्णी. हा कंस पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांसाठी.) सूचना चांगली आहे. माझा आक्षेप आहे तो त्यातल्या 'फुकट' या शब्दाला.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्याकडे ती माजते ती आपण नदीत सोडलेल्या सांडपाण्यावर. त्यातलं नत्र आणि स्फुरद हेच तिचं खत. जोर धरला की दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी चिखलात १५-२० वर्षं टिकतं. तिच्याखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. आणि सांडपाण्याचं म्हणाल, तर याच नदीकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, माणसं गेली. तेव्हा फुकट काही नाही. किंमत आधीच मोजून झाली आहे.

आता, गॅस होतो का? होतो. केंदाळ बारीक करून शेणात मिसळलं की गोबरगॅसच्या टाकीत छान कुजतं. पण त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते ट्रकमधून लांबच्या प्रकल्पाला न्यायचं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहायचं! म्हणून टाक्या लहान हव्यात आणि काठावरच्या गावातच हव्यात.

मला खरी भीती मोठ्या प्रकल्पाची वाटते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये कॉम्प्रेस्ड बायोगॅससाठी 'सतत' योजना आणली. साखर कारखान्याच्या प्रेसमडचं ठीक आहे, ऊस गाळला की ते निघणारच. केंदाळाचं तसं नाही. कर्ज काढून उभारलेल्या प्रकल्पाला रोज माल लागणार. नदी स्वच्छ झाली तर माल बंद. मग नदी स्वच्छ व्हावी असं वाटणार कुणाला? टनावर पैसे देणारं टेंडर म्हणजे केंदाळ राखायचं टेंडर. पैसे मोकळ्या झालेल्या पाण्याचे द्या, आणि ते वर्षभर मोकळं राहिलं तरच द्या.

दुसरं, माल कमी पडला म्हणून रंकाळा-कळंब्याच्या काठचं पाणकणीस आणि लव्हाळा कापायला कुणी जाता कामा नये. तो कचरा नव्हे. पाणकोंबड्यांची घरटी त्यातच असतात.

तिसरं, काढलेलं केंदाळ काठावर ढीग घालून ठेवू नका. कुजून सगळं खत पहिल्या पावसात परत नदीत! गॅस झाल्यावर उरलेली स्लरी शेतात जाऊ दे. मात्र केंदाळ जड धातूही शोषून घेतं. जिथे कारखान्यांचं पाणी मिसळतं, तिथली स्लरी तपासल्याशिवाय भाजीपाल्याला घालायची नाही.

थोडक्यात काय, तर ज्या प्रकल्पाचा कच्चा माल दरवर्षी कमी होत जातो, तोच प्रकल्प यशस्वी म्हणायचा. आधी सांडपाणी थांबवा, तोवर गॅस करा. उलटं नको.

असो. तुमच्या गावच्या नदीवर, तळ्यावर काय चाललंय? जरूर कळवा.