आमच्याकडं गुन्हा नाय!

रात्रीचे पावणेअकरा. हिंजवडी. कॅब येते. मी आधी नंबरप्लेटचा फोटो काढते, मग मागे बसते, मग आईला लाइव्ह लोकेशन पाठवते आणि मग ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर सांगते, ‘हो, बसले. पोचते वीस मिनिटांत.’ फोनच्या पलीकडे बऱ्याचदा कुणीच नसतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन, लिफ्टमध्ये कॅमेरा, घराला सेफ्टी डोअर, आतून लॅच आणि लॅचच्या वर कडी. कडी लागली की माझा श्वास सुटतो.

आणि हे सगळं कुठे? २०२२ मध्ये देशात दोन नंबरचं सुरक्षित ठरलेल्या शहरात, बॉस!

मी नाही म्हणत, एनसीआरबी म्हणतंय. म्हणजे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्युरो. त्यांच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या १९ महानगरांत दर एक लाख लोकसंख्येमागे सगळ्यात कमी दखलपात्र गुन्हे कोलकात्यात, ८६.५. दोन नंबरला आपलं पुणं, २८०.७. तिसरं हैदराबाद, २९९.२. ही बातमी ऑफिसच्या ग्रुपवर आली तेव्हा निम्म्या पब्लिकने थम्स-अप टाकला. उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, ‘कुठलं पुणं?’

मे महिन्यात मामाकडे गेले होते, तेव्हा हे सगळं मी त्याला सॉलिड रंगवून सांगितलं. मामाचं गाव जुन्नरच्या बाजूला. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. सगळी मिळून ६४० डोकी. मामाने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘दोनशे ऐंशी? आन् ते सुरक्षित? पोरी, आमच्याकडं गुन्हा नाय. यंदाच्या साली एक बी नाय.’

मामा बोलला म्हणजे अधिकाराने बोलला. तो गावचा पोलीस पाटील आहे. आता पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे. वर्दी नाही, बंदूक नाही, जीप तर नाहीच. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली प्रांतसाहेबांनी नेमलेला गावातलाच माणूस. काम काय, तर गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवायचं, कुणाचा अचानक मृत्यू झाला तर खबर द्यायची आणि नवखा माणूस दिसला तर विचारपूस करायची. मानधन अगदी परवापरवापर्यंत महिना साडेसहा हजार होतं, २०२४ मध्ये ते पंधरा हजार करायचं ठरलं. पोलीस ठाणं बावीस किलोमीटरवर. मधल्या अंतरात कायदा म्हणजे माझा मामा, त्याची मोटरसायकल आणि त्याचा मोबाइल. मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ.

माझ्यातली डेटावाली लगेच जागी झाली. मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. ६४० माणसांत वर्षाला एक चोरी झाली, तर लाखामागे दर १५६. दोन झाल्या, ३१२. तीन झाल्या, ४६९. पूर्ण देशाचा २०२२ चा दर होता ४२२.२. म्हणजे एखाद्या साली विहिरीवरच्या तीन मोटरींची केबल चोरीला गेली आणि तिन्हींची नोंद झाली, की मामाचं गाव देशाच्या सरासरीहून जास्त ‘गुन्हेगार’! पुढच्या वर्षी काहीच झालं नाही, की गुन्हेगारीत शंभर टक्के घट. कुठल्याही पोलीस आयुक्ताला हेवा वाटावा असा परफॉर्मन्स.

मामाला हे दाखवलं तर तो म्हणाला, ‘केबल मागच्या साली गेल्ती की. तीन नाय, पाच.’

‘मग तक्रार?’

‘बावीस किलोमीटर जायचं, दिवस घालवायचा, अन् चारशे रुपड्याच्या तांब्यापायी? नवी वढली.’

तर मंडळी, आकड्यांचा पहिला धडा मला ओट्यावर बसून मिळाला. गुन्ह्यांचा दर गुन्हे मोजत नाही, गुन्ह्यांच्या नोंदी मोजतो. एनसीआरबी स्वतःच्या अहवालात हेच सांगते. गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंदणी वाढणं वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. आपण तेवढं पान सोडून यादी बघतो.

पण खरं सांगू? मला त्या गावात खरोखरच भन्नाट सुरक्षित वाटलं होतं. दुपारी दार सताड उघडं. ओट्यावर फोन चार्जिंगला लावलेला, अर्धं गाव तिथून जातंय, कुणी ढुंकून बघत नाही. संध्याकाळ झाली की मात्र सगळे आत. पण ती भीती चोराची नाही, बिबट्याची. उसाच्या पट्ट्यातलं गाव आहे, जवळच माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे आणि केंद्राबाहेरच्या बिबट्यांना कुणी मोजून ठेवलेलं नाही. मामीची शेळी गेल्या पावसाळ्यात गोठ्यातून गेली. गुन्ह्यांच्या तक्त्यात बिबट्याला रकाना नसतो, त्यामुळे तिथेही शून्य.

गावात सीसीटीव्ही नाही, पण म्हाताऱ्या आहेत. मी एसटीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत चौघींनी विचारलं, ‘कुणाची गं तू?’ चौथीला मी उत्तर देण्याआधीच ते ठाऊक होतं. हेच ते सीक्रेट. इथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. चोरलेली सायकल चालवणार कुठे?

शनिशिंगणापूर आठवतंय? नेवासे तालुक्यातलं ते घरांना दारं नसलेलं गाव. चौकट आहे, दार नाही. देवावरची श्रद्धा, देवाची भीती, जे म्हणाल ते. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा काढली, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुकाने बातमी वाचली होती. त्याच सुमारास बाहेरून आलेल्या भाविकांच्या चीजवस्तू चोरीला गेल्याच्याही बातम्या आल्या आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. २०२५ च्या जुलैमध्ये तर देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून भाविकांचे पैसे उकळल्याच्या आरोपांवर थेट विधानसभेत चर्चा झाली. अ‍ॅपला चौकट लागत नाही, दारही लागत नाही. ओळखीवर चालणारी सुरक्षितता अनोळखी माणूस आला की डळमळते, ती अशी.

आणि कधी कधी उलटंही होतं, फार भयंकर होतं. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. त्या पाचांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. त्यांचा दोष एवढाच, की तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ‘कुणाचा रे तू?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तर पाहुणचार, संशयाने विचारला तर हे.

म्हणजे अनोळखी माणसासाठी छोटं गाव धोक्याचं ठरू शकतं, एवढं मला समजलं होतं. ओळखीच्या माणसाचं काय, हे मला मामीने सांगितलं. चुलीपुढे, भाकरी थापता थापता.

सकाळी हातपंपावर एक बाई दिसली होती. माझ्याच वयाची. डोळ्याखाली काळंनिळं. मी बघितलं, तिने पदर पुढे ओढला. मी मामीला विचारलं. मामी म्हणाली, ‘पडली म्हणं.’ मग थोडी थांबली. ‘महिन्याला पडती.’

‘मामाला माहितीय?’

‘अगं, तुझ्या मामानंच दोनदा मिटवलंय.’

मला एकदम चीड आली. रात्री जेवण झाल्यावर मी मामाशी भांडले. तू पोलीस पाटील ना? कळवणं हे तुझं काम ना? आणि वर छाती फुगवून सांगतोस, आमच्याकडं गुन्हा नाय!

मामा बराच वेळ गप्प होता. तो वाईट माणूस नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या बाईच्या घरातून पहिल्यांदा आरडाओरडा ऐकू आला, तेव्हा रात्री दीड वाजता हातात बॅटरी घेऊन हाच धावला होता, बिबट्याची पर्वा न करता. नवऱ्याच्या दोन कानाखाली ठेवून दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात पाच जणांसमोर नारळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती सव्वा महिना टिकली.

‘केस केली आसती,’ मामा म्हणाला. ‘त्यो चार रोजात जामिनावर सुटला आस्ता. मंग? ती जाती कुठं? म्हायेर म्हंजी एक म्हातारी आई. पोरं दोन. ह्याच घरात यायचं, ह्याच पंपावर पाणी भरायचं. तुमी शहरात घर बदालता. हितं काय बदालणार?’

मी तयारीनिशी बसले होते. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे. १ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी कायदा लागू झालाय, कुठल्याही ठाण्यात एफआयआर देता येतो, ऑनलाइन कळवून तीन दिवसांत सही केली तरी चालते. ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. मी सगळं धाडधाड बोलून दाखवलं. मामाने ऐकून घेतलं. मामी भांडी घासत होती, ती थांबली आणि म्हणाली,

‘ती मला इच्यारीत व्हती एकदा. वैनी, त्या एकशेबाराला फोन केला तर गाडी भोंगा वाजवीत येती का वं?’

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि घशात काहीतरी अडकलं.

सहाशे चाळीस माणसांच्या गावात निनावी फोन नसतो. गाडी वेशीतून आत आली, की ती कुणाच्या दाराशी थांबते हे सगळं गाव बघणार. फोन कुणी केला हे गाडी वळायच्या आत सगळ्यांना कळणार. ज्या ओळखीमुळे माझा फोन ओट्यावर सुरक्षित राहिला, त्याच ओळखीमुळे तिचा फोन हातातच राहिला.

आपण शहरवाले अनोळखीपणाला घाबरतो. लिफ्टमधला माणूस कोण, कॅबवाला कोण. पण हाच अनोळखीपणा आपला आडोसाही असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. एखादी मुलगी ऑफिसमधून हाफ-डे घेऊन दुसऱ्या टोकाच्या ठाण्यात जाते, तक्रार देते, मैत्रिणीकडे राहते आणि खालच्या मजल्याला पत्ताही लागत नाही. अर्थात आडोसा असला म्हणजे सगळ्या तो वापरतातच असंही नाही. शहर-खेडी सगळी धरून केलेल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी मदत मागणं तर सोडाच, कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितली होती फक्त १४ टक्क्यांनी, त्यातही बहुतेकींची धाव माहेरच्यांकडे. पोलिसांपर्यंत पोचलेल्या अगदी मोजक्या. म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेफ्टी डोअरच्या आतही हेच असणार. फक्त मला भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही. किंवा आलं तर मी टीव्हीचा आवाज वाढवते.

मामाच्या गावाच्या वेशीवर एक रंग उडालेली पाटी आहे, ‘तंटामुक्त गाव’. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी २००७ च्या स्वातंत्र्यदिनी ही मोहीम सुरू केली होती. बांधावरून, वाटेवरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात चाललेली भांडणं गावातच मिटावीत, ही कल्पना झकासच होती आणि कितीतरी भांडणं मिटलीही. पण अशी पाटी वेशीवर लागली, की ती राखायची जबाबदारी कुणाच्या अंगावर येते? बांधावर भांडणाऱ्या पुरुषांच्या, की ‘पडले’ म्हणणाऱ्या बाईच्या?

निघायच्या दिवशी मामा मला सोडायला स्टँडवर आला. एसटी यायला वेळ होता. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘दुरक्षेत्रावर एक बाई हवालदार आलीये नवीन. साध्या कपड्यात यील का, इच्यारून बघतो. बचत गटाची मीटिंग म्हनून.’

मी काही बोलले नाही. मामाच्या पाठीवर हात ठेवला फक्त.

परवा रात्री पुन्हा कॅबमध्ये बसले. नंबरप्लेटचा फोटो काढला, लोकेशन पाठवलं आणि मामाला फोन लावला. या वेळी पलीकडे खरंच कुणीतरी होतं. विचारलं, काय झालं?

‘मीटिंग झाली,’ मामा म्हणाला. ‘यंदा आमच्याकडं एक गुन्हा हाये बघ.’

मी कॅल्क्युलेटर उघडलाच. दर लाखामागे १५६. गाव पहिल्यांदाच थोडं सुरक्षित झालं होतं.