कुंपणापाशी संपणारे घर

मराठी समीक्षेने घराविषयी पुष्कळ लिहिले आहे. वाड्याची पडझड, चाळीतले सामायिक जगणे, महानगरी फ्लॅटमधले एकटेपण यांवर चर्चा झाल्या, प्रबंधही झाले. मात्र जळगाव-धुळ्याच्या उपनगरांत जागोजागी दिसणारे, एन. ए. प्लॉटवरचे, कुंपण आणि लोखंडी फाटक असलेले घर या चर्चेत क्वचितच येते. ही उपेक्षा निरुपद्रवी आहे, असे आम्हाला वाटत नाही. समीक्षेने सोडून दिलेला विषय जाहिरातदाराने उचलला आहे आणि चांगले घर कोणते, हे आता तोच ठरवतो.

त्याच्या पत्रकातील 'सुविधा' हा शब्द नीट वाचावा. शाळा, दवाखाना, मंदिर 'पाच मिनिटांवर' आणि प्लॉट 'हायवे टच'! ही पाच मिनिटे मोटारसायकलची असतात. पायी जाणारी आजी किंवा शाळेत निघालेली मुलगी या हिशेबात नाही. जळगावात जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, म्हणजे आजचा 53, शहरातूनच जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती आहेत. रोज तो ओलांडणाऱ्यास महामार्ग ही सुविधा वाटेल काय?

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घराचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. मातीच्या जाड भिंतींचा गारवा खरा, तसेच दर पावसाळ्यापूर्वी छतावर माती टाकण्याचे कष्टही खरे. पण त्या घराचा ओटा गल्लीत उघडत असे. घर आणि शेजार यांत फाटक नव्हते. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या कवितेतील संसार चूल, जाते, शेत आणि माणसे यांपासून तोडताच येत नाही. तरीही ती कविता वर्गात 'ग्रामीण जीवनातील साधेपणा' या एका शीर्षकाखाली उरकली जाते. घराची हद्द कोणती, हा तिच्यातून निघणारा प्रश्न विचारलाच जात नाही.

'लोकांना जे हवे तेच बांधले जाते,' असा यावर एक प्रतिवाद असतो. तो आम्हाला मान्य नाही. माणूस समोर ठेवलेल्यांतूनच निवडतो. मोठ्या लेआउटमध्ये किमान दहा टक्के जागा खुली ठेवण्याचा नियम आहे. कित्येक ठिकाणी या 'ओपन स्पेस'वर गाजरगवत माजते, राडारोडा पडतो. आणि प्लॉट विकताना तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

जळगावात व. वा. वाचनालय 1877 साली स्थापन झाले, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ 1927 साली. त्या पिढ्यांपाशी ग्रंथालय कायदा नव्हता. महाराष्ट्रात तो 1967 साली आला आणि या वसाहती बहुतांशी त्यानंतरच्या. तरी 'सुविधां'च्या यादीत वाचनालय शोधून सापडत नाही, आणि त्याचे कोणाला वैषम्यही वाटत नाही. ज्या गावांनी पारतंत्र्यात ग्रंथसंस्था उभ्या केल्या, त्यांच्या उपनगरांत वर्तमानपत्र वाचण्यापुरती सार्वजनिक खोली नसावी, ही गोष्ट साहित्याच्या अध्यापकांना लाज आणणारी आहे.

म्हणून आमचे म्हणणे दुहेरी आहे. वसाहतीच्या खुल्या जागेचा नकाशा रहिवाशांनी मागून पाहावा आणि नियमांत बसेल तिथे एक वाचनकक्ष मागावा. आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी घराकडे निव्वळ प्रतिमा म्हणून न पाहता त्याचा रस्ता, पाणी, शेजार आणि सातबाराही वाचावा. हे काम समाजशास्त्राचे आहे, असे म्हणून साहित्याच्या विभागांना हात झटकता येणार नाहीत.