विश्लेषण : सहकुटुंब व्यायाम घरातच शक्य आहे का?

देशातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. २०२२ मध्ये ते पुरुषांत ४२, तर महिलांत ५७ टक्के होते.

किती व्यायाम हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, म्हणजे रोज साधारण २२ मिनिटे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हवीत. पासष्टीपुढील ज्येष्ठांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत.

घरात काय करता येईल?

सतरंजी अंथरण्यापुरती जागा असली, तरी सूर्यनमस्कार घालता येतात. मुलांना दोरीवरच्या उड्या, आजी-आजोबांना आधाराने खुर्चीतून उठणे-बसणे. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की व्यायाम मध्यम समजावा. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

अडचण कुठे?

जागेपेक्षा वेळेत. सकाळचा चहा, डबे, पाणी भरणे ही कामे बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येतात. बाकीचे सतरंजीवर आणि ती ओट्यापाशी, याला सहकुटुंब व्यायाम म्हणता येणार नाही. त्यामुळे व्यायामाची वेळ ठरवण्याआधी कामांची वाटणी ठरवायला हवी. महिलांचे ५७ टक्क्यांचे प्रमाण कमी होण्याची सुरुवात तिथूनच होऊ शकते.